गोल काटा, एक नग

एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या प्रभुलिंग कलशेट्टी सरांच्या हातून ते झालं, म्हणून त्याचा एवढा बोभाटा झाला. दुसऱ्या कुणाच्या हातून झालं असतं तर गल्ली दोन दिवसांत विसरली असती. पण 'उष्णता आणि तापमान यांतील फरक स्पष्ट करा' हा प्रश्न ज्यांनी सोलापूरच्या दोन पिढ्यांना घातला, त्यांनीच वडिलांच्या मोटारीचा तापमानाचा काटा मोडावा, हे त्यांच्या राहत्या बाळीवेशीला फारच आवडलं.

खरं म्हणजे सर मोडायला गेलेच नव्हते. ते काच पुसायला गेले होते. घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आप्पांची चौसष्ट सालची फियाट उभी असते. तिच्या डॅशबोर्डावर एक गोल तबकडी आहे, बशीतल्या खोलगट भागाएवढी. एका टोकाला इंग्रजी सी, दुसऱ्या टोकाला एच, आणि मधे फिरणारा बारीक लाल काटा. इंजिन गार असलं की काटा सीवर, तापत गेलं की एचकडे. तबकडीच्या मागून तांब्याची एक नळी निघते, सुतळीहूनही बारीक, ती थेट इंजिनाच्या पाण्यात जाऊन बसते. नळीत ईथर असतं. पाणी तापलं की ईथरची वाफ होते आणि ती वाफ काट्याला पुढे ढकलते. हे सगळं सर त्या सोमवारी सकाळी आपल्या पत्नीला, दाक्षायणीबाईंना, समजावून सांगत होते. त्या चहा द्यायला आल्या होत्या, आणि चहा देऊन झाल्यावर उभं राहण्याचं त्यांना खरं तर काही कारण नव्हतं.

"बघ, किती सोपं तत्त्व आहे," असं म्हणून सरांनी तबकडी पुढे ओढली. नळी तटकन तुटली. फुस्स असा आवाज झाला, शेडमध्ये दवाखान्याचा वास सुटला आणि काटा सीच्याही खाली जाऊन आडवा झाला.

"सोपं होतं खरं," दाक्षायणीबाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

आता तापमानाचा काटा मोडला म्हणून गाडी काही चालायची थांबत नाही. पण सरांचे वडील गुरप्पा, म्हणजे आप्पा, यांनी आदल्याच दिवशी घरात जाहीर केलं होतं की रविवारी दुधनीला जायचं. दुधनीला त्यांची धाकटी बहीण मल्लव्वा राहते. त्या रविवारच्या दुसऱ्या दिवशी मल्लव्वा आत्याची मुलगी तिला कायमची बेंगळुरूला नेणार होती आणि दुधनीच्या घराला कुलूप लागणार होतं. आप्पा सत्त्याऐंशीचे, आत्या ऐंशीची. त्यानंतर दोघं पुन्हा भेटतील असं घरात कुणी म्हणत नव्हतं, भेटणार नाहीत असंही कुणी म्हणत नव्हतं. सगळे फक्त रविवार, रविवार म्हणत होते.

आणि जायचं ते याच गाडीनं. त्याला कारण होतं. साठेक वर्षांपूर्वी मल्लव्वा आत्याच्या लग्नात नवरीला याच फियाटमधून आप्पांनी दुधनीला नेलं होतं. नवी गाडी, अंगात रग, काट्याकडे बघतो कोण? वळसंगच्या पुढे इंजिन उकळलं, नवरी तीन तास लिंबाच्या झाडाखाली बसली आणि मुहूर्त टळला. त्या दिवसापासून आत्यानं भावाला एकच प्रश्न विचारत आणला आहे. भाऊबीज असो, बारसं असो की नुसता फोन असो, शेवटी ती विचारणार, "अण्णा, काटा बघितलास का?" आणि आप्पा दर वेळी नव्यानं ओशाळणार.

"टॅक्सी करू या, आप्पा," सर त्या सोमवारी दुपारी म्हणाले. "एसी असते."

आप्पांना कमी ऐकू येतं, पण टॅक्सी हा शब्द त्यांना बरोबर ऐकू आला. "टॅक्सीतनं तू जा. मी ह्याच गाडीनं जानार आनि काटा बघत जानार. ह्या टायमाला तिनं इचारलं की मी म्हननार, वाटभर मदी हुता. काटा न्हाय तर मी येत न्हाय."

सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाला 'येत न्हाय' म्हणण्याचा फार मोठा अधिकार असतो. सर गप्प बसले.

गल्ली मात्र गप्प बसली नाही. शेजारच्या धनलक्ष्मी वहिनींनी कुंपणावरूनच सांगितलं, "अय्यो सर, फेविक्विक लावा की! आमच्या मिक्सरची दांडी चार वर्षं चाललीय." गॅरेजवाल्यानं बॅटरीवर चालणारा नवा काटा काढून दाखवला. चकचकीत होता, आकडेसुद्धा होते. सरांनी तो आप्पांपुढे धरला. आप्पांनी तो हातात घेतला, उलटा केला, वायर बघितली आणि परत दिला.

"ह्याला काय कळतंय? ह्यो वायरनं सांगितलेलं ऐकतो," ते म्हणाले. "आपला काटा सोता पान्यात हात घालून बघतो."

शास्त्रीयदृष्ट्या हे विधान फारसं चूक नव्हतं, आणि सरांना त्याचाच जास्त राग आला.

शेवटी समोरचे जोतीराम आले. जोतीराम मूळचे सांगोल्याकडचे, तीस वर्षं एस.टी.चे ड्रायव्हर. मोटार या विषयात त्यांना गल्लीत कुणी आडवं जात नाही. त्यांनी तबकडी डोळ्यापाशी नेली, हलवली, कानाशी धरली.

"आमच्या गाड्यांना कुटं काटा हुता, सर? कंडक्टर वरडला की, धूर निघतोय, का समजायचं तापली."

"पण आप्पांना काटा हवाय."

"मंग काटा दुरुस्त करायचा तर काटेवाल्याकडं जावा की! मंगळवार पेठेत कोंडीबा हाय. समद्या आडतवाल्यांचे काटे त्योच बघतो. लई नामी मानूस."

इथे मराठी भाषेनं घात केला. घड्याळाचा तो काटा, बाभळीचा तोही काटा, अंगावर येतो तोही काटाच, आणि धान्य ज्याच्यावर मोजतात तोसुद्धा काटा. जगात इतर भाषा बोलणाऱ्या माणसाला मोटारीचं तापमान आणि ज्वारीचं वजन एकाच कारागिराकडे न्यावंसं वाटणार नाही. सरांना वाटलं. इतकंच नव्हे, तर आपल्याला हे आधी का सुचलं नाही, अशी स्वतःबद्दल थोडी नाराजीही वाटली.

कोंडीबाचं दुकान म्हणजे दोन माणसं बसली की तिसऱ्यानं उभं राहायचं, एवढं. भिंतीवर तराजू, दांड्या, साखळ्या, पारडी, आणि फळीवर ओळीनं गोल तबकड्यांचे काटे, ज्यांच्यावर भाजीवाले वजन करतात. कोंडीबा सत्तरीचा, जाड भिंगाचा चष्मा, बोटं मात्र सोनारासारखी. त्यानं सरांचा काटा घेतला आणि विचारलं, "किती किलोचा?"

"किलोचा नाही. तापमानाचा आहे."

"तापाचा? मंग डाक्टराचा म्हना की."

"मोटारीचा. यात ईथर असतं. तापलं की दाब निर्माण होतो आणि—"

"आसू द्या," कोंडीबा म्हणाला. "काटा म्हंजे काटा. मागनं काय तरी ढकलतंय, फुडं सुई हलतीया. ढकलनारं गेलं तर सुई पडली. तुमाला काटा कसा पायजे, ते सांगा."

"मध्यावर हवा. आमच्या वडिलांना तो मध्यावर दिसला पाहिजे."

कोंडीबाचा चेहरा उजळला. पन्नास वर्षांत बहुधा पहिल्यांदाच गिऱ्हाइकानं त्याला नेमकं काय हवं ते सांगितलं होतं. "मदीच पायजे! डावीकडं झुकला तर गिऱ्हाईक बोंबलतं, उजवीकडं झुकला तर दुकानदार बोंबलतो. मी काटा मदी उभा करून देतो. पर त्ये तुमचं ईथर का फिथर तेवडं आना. नळीला डाग मी देतो." डाग देणं म्हणजे झाळणं, कथलानं जोडणं. सरांना हा माणूस फार आवडला, आणि काटा त्याच्याकडेच ठेवून ते ईथरच्या शोधात निघाले.

ईथर औषधाच्या दुकानात मागितलं तर दुकानदारानं सरांकडे असं पाहिलं, की सर तिथून डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन बाहेर पडले. मग त्यांना आपली शाळा आठवली. प्रयोगशाळेच्या कपाटात पाचशे मिलिलिटर ईथर आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सुट्टी असूनही मुख्याध्यापिका बाईंनी त्यांचं स्वागत केलं, खुर्ची दिली, सरबत दिलं आणि अर्ज मागितला. अर्ज तीन प्रतींत. सरांनी तो सुवाच्य अक्षरात लिहिला. शिपायानं कपाट उघडलं. बाटली होती, बाटलीवर चिठ्ठी होती, बूचही घट्ट होतं. आत ईथर नव्हतं. ते कधीतरी बुचातूनच उडून गेलं होतं, आणि उडून जाणं हा त्याचा गुणधर्म सरांनीच नववीला शिकवला होता.

बाईंनी साठ्याची वही काढली. दर वर्षी मार्चअखेर एक ओळ होती: 'ईथर, ५०० मिली, प्रत्यक्ष तपासले, बरोबर.' खाली सही. सलग अकरा वर्षं, प्रभुलिंग कलशेट्टी, 'प'ला छान गिरकी देऊन.

"सही तुमचीच ना, सर?" बाईंनी विचारलं.

"दिसते तशीच," सर म्हणाले आणि उरलेलं सरबत न पिता उठले.

गुरुवारी दुपारी बारा वाजता ते कोंडीबाला ही बातमी द्यायला गेले. मे महिन्यातलं सोलापूर म्हणजे काय ते सांगायला नको. दुकानात नुकतेच जाऊन बसले, आणि बाहेर जीप थांबली. वजनमापांचं पथक होतं. दर वर्षी पडताळणीचा शिक्का मारून न घेतलेले काटे शोधत ते पेठेत फिरत होतं. पुढे एक तरतरीत बाई, निरीक्षक. त्या आत आल्या, त्यांनी सरांकडे पाहिलं आणि एकदम हात जोडले.

"कलशेट्टी सर! मी ऋतुजा येडगे. दोन हजार सहाची दहावी, ब तुकडी."

मास्तराच्या आयुष्यात याहून गोड क्षण नसतो. सर उभे राहिले. बाकी पेठेनं हे ऐकावं म्हणून त्यांनी आवाजही थोडा चढवला. "अगं, ये ये! निरीक्षक झालीस? वा!"

"सर, एक विनंती आहे. पंचनाम्याला दोन पंच लागतात. एक शेजारचे दुकानदार आहेत. तुमच्यासारखा प्रतिष्ठित माणूस मिळाला तर बरं होईल."

प्रतिष्ठित हा शब्द ऐकल्यावर सरांनी खिशातून पेन काढलं. पुढचा पाऊण तास पथकातला माणूस फळीवरच्या वस्तू खाली काढत होता, दुसरा लिहून घेत होता आणि सर ऋतुजाला तिच्या वर्गातल्या मुलांची नावं विचारत होते. कोंडीबा स्वस्थ बसून सुपारी कातरत होता. दुरुस्तीला आलेल्या काट्यांना चिठ्ठी बांधायची तो दर वर्षी विसरतो, दर वर्षी ते उचलून नेतात आणि दर वर्षी कागद दाखवून तो ते सोडवून आणतो. शेवटी तीन पानं सरांपुढे आली. सरांनी तिन्ही पानांवर सही केली, 'प'ला गिरकी देऊन. जीप गेली.

"चांगली मुलगी," सर म्हणाले. "बरं कोंडीबा, ईथर काही मिळालं नाही. आमचा काटा कुठे ठेवलाय?"

कोंडीबानं अडकित्ता बाजूला ठेवला. "त्यो न्हेला की."

"कुणी?"

"तुमी सही केली न्हवं? मला वाटलं तुमाला म्हाईत हाय."

पंचनाम्याची एक प्रत कोंडीबाकडे होती. दुसऱ्या पानावर चौदावी नोंद: 'गोल काटा, तांब्याच्या नळीसह, शिक्का नसलेला, एक नग. मालक अज्ञात.' आणि त्याखाली, आमच्या समक्ष वाचून दाखविले, समजले, बरोबर आहे, असं म्हणून मालकानं स्वतः सही केलेली होती.

घरी त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही. पण संध्याकाळी धनलक्ष्मी वहिनींनी कुंपणावरून विचारलं, "सर, तुमचा काटा सरकारनं धरला म्हणे?" म्हणजे बातमी पेठेतून त्यांच्या आधी घरी पोचली होती. आप्पा तेव्हा अंगणात खुर्चीवर बसून फोनवर बोलत होते. फोनवर बोलताना ते दुधनीपर्यंत आवाज तसाच पोचवायचा प्रयत्न करतात, त्यामुळे सरांना सगळं ऐकावं लागलं. "व्हय, आयतवारी येतो! प्रभु काटा नीट करून आनायलाय. त्यो मास्तर हाय, त्येला समदं कळतंय!"

सर आत जाऊन पंख्याखाली बसले. दाक्षायणीबाईंनी त्यांच्यासमोर ताक ठेवलं आणि पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. सरांना ते टोमण्यापेक्षा जास्त लागलं.

शुक्रवारी सकाळी साडेदहाला ते कार्यालयात हजर झाले. शनिवार-रविवार सुट्टी, म्हणजे जे व्हायचं ते आजच व्हायला हवं होतं. खिडकीवरच्या माणसानं छापील नमुना दिला. 'काट्याची कमाल क्षमता' या रकान्यात काय भरायचं, यावर सर वीस मिनिटं विचार करत होते. 'वापराचा उद्देश: किराणा / सराफी / घाऊक / इतर' यात त्यांनी इतरवर खूण केली. 'इतर असल्यास लायसन्स जोडा' असं खाली लिहिलं होतं. सरांनी गाडी चालवायचं लायसन्स जोडलं. खिडकीवरच्या माणसानं ते उलटसुलट पाहिलं, जेवणाचा डबा उघडला आणि त्यांना मॅडमकडे पाठवलं.

ऋतुजानं काटा कपाटातून काढून टेबलावर ठेवला. "सर, हा गाडीचा आहे हे मला आत्ता दिसतंय. काल आमच्या माणसाला कळलं नाही. पण पंचनाम्यात चढलाय. आणि पंच म्हणून तुम्हीच लिहून दिलंय की वाचलं आणि बरोबर आहे."

"मग आता काय करायचं?"

"जबाब द्यावा लागेल. तुमच्या हस्ताक्षरात." तिला पुढचं बोलणं जड जात होतं. "की मी न वाचता सही केली."

खोलीत कूलर घरघरत होता. एकतीस वर्षं, दर परीक्षेच्या आधी, सरांनी वर्गात एक वाक्य फळ्यावर लिहिलं होतं: प्रश्न नीट वाचा, मगच पेन उचला. हे ऋतुजाला आठवत असणार, हे त्यांना तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं. त्यांना वाटलं, उठावं, काटा गेला खड्ड्यात, आप्पांना काहीतरी सांगता येईल. मग त्यांना कालचा अंगणातला आवाज आठवला. त्यांनी कागद ओढला आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'मी, प्रभुलिंग गुरप्पा कलशेट्टी, निवृत्त शिक्षक, न वाचता सही केली.' सही करण्याआधी त्यांनी ते दोनदा वाचलं.

"आता खाली लिहा, हा काटा काय मोजतो आणि कोणत्या एककात."

"तापमान," सरांनी लिहिलं आणि ते थांबले. तबकडीवर आकडा नव्हता, अंश नव्हता. नुसता सी आणि एच. "याला एकक नाही."

"एकक नाही?" ऋतुजानं विचारलं. तिच्या ओठांचा कोपरा जरासा हलला. "सर, सहामाहीला मी छत्तीस असं उत्तर लिहिलं होतं. नुसतं छत्तीस. तुम्ही शून्य दिलं होतं. खाली लिहिलं होतं, छत्तीस काय? चपला?"

सरांना हे अजिबात आठवत नव्हतं, पण अक्षर आपलंच असणार याची खात्री होती.

"एकक नसलेलं उत्तर चूक असतं, हे तुम्ही शिकवलंत," ती म्हणाली. "पण एकक नसलेलं यंत्र आमच्या हिशेबी मापच नाही. तसं लिहा, सर. मी चौदा नंबर वगळते." तिनं शेरा मारला, शिक्का मारला आणि काटा वर्तमानपत्रात गुंडाळून सरांच्या हातात दिला. दारापर्यंत पोचवायला आली आणि वाकून नमस्कारही केला. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. आपल्या शून्याचा कुणाला तरी उपयोग झाला, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

शनिवारी कोंडीबानं काटा बनवून दिला. "ईथर न्हाय तर न्हाय, मी बगतो," असं म्हणून त्यानं सरांना चहा प्यायला पाठवलं. सर परतले तेव्हा नळीला सुरेख डाग दिलेला होता, काच लखलखत होती आणि काटा बरोब्बर मध्यावर उभा होता. कोंडीबानं तबकडी उलटी केली, आडवी केली, आपटली. काटा हलला नाही. "जलमात हलायचा न्हाय," तो अभिमानानं म्हणाला. सर इतके हरखून गेले होते, की या वाक्याचा अर्थ त्यांच्या डोक्यात शिरलाच नाही. जोतीरामनं तो संध्याकाळी डॅशबोर्डात बसवून दिला आणि "लई झ्याक" असा शेरा मारला.

रविवारी पहाटे साडेपाचला आप्पा धुतलेलं धोतर, कपाळाला विभूती आणि डोक्याला टोपी अशा थाटात पुढच्या सीटवर बसले. मागे दाक्षायणीबाई, शेंगाचटणीचा डबा, कडक भाकऱ्या आणि पाण्याचे दोन कॅन. सरांनी किल्ली लावली, अजून फिरवली नव्हती, तेवढ्यात त्यांचं लक्ष तबकडीकडे गेलं. काटा मध्यावर होता.

इंजिन रात्रभर बंद. काटा सीवर हवा. सरांच्या मनात पाल चुकचुकली. पण त्यांनी तिला शास्त्रीय उत्तर दिलं: मे महिना आहे, सोलापूर आहे, इथे पहाटेसुद्धा प्रत्येक वस्तू निम्मी तापलेलीच असते. हे उत्तर एखाद्या विद्यार्थ्यानं लिहिलं असतं तर सरांनी त्याला वर्गाबाहेर काढलं असतं.

"काटा कसा आहे, आप्पा?" त्यांनी मोठ्यानं विचारलं.

आप्पा पुढे वाकले. थोडा वेळ तबकडीकडे बघत राहिले. मग मागे टेकले. "मदी हाय," ते म्हणाले. "चल."

वळसंगला आप्पांनी गाडी थांबवायला सांगितली. पाय अवघडले म्हणाले. उतरून ते बॉनेटपाशी गेले, त्यावर तळवा टेकून उभे राहिले, डोळे मिटलेले, ओठ पुटपुटत होते. वय झालं, आधार लागतो, सरांच्या मनात आलं, आणि नामस्मरणही चाललंय. "जरा पानी पाज तिला," आप्पा म्हणाले. सरांनी रेडिएटर उघडून गार पाणी ओतलं आणि सहज गाडीत तबकडीकडे डोकावून पाहिलं. काटा थरथरलासुद्धा नव्हता.

मग त्यांनी काचेवर टिचकी मारली. मग दोन टिचक्या. मग कोंडीबाचं वाक्य त्यांना पूर्ण ऐकू आलं. तराजूच्या माणसाला मध्यावर उभा काटा म्हणजे चांगला काटा. सरांनी मध्यावर मागितला होता, त्यानं मध्यावर दिला होता, बहुधा मागून स्प्रिंग लावून, कायमचा.

पुढचे पन्नास किलोमीटर सरांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना माहीत. आप्पांना सांगावं, तर ते इथूनच गाडी वळवायला लावतील. न सांगावं, तर साठ वर्षांपूर्वीचाच प्रसंग, त्याच रस्त्यावर, आणि या वेळी दोष शंभर टक्के आपला. ते नाकानं वाफेचा वास घेत होते, कानानं इंजिन ऐकत होते, आणि शेजारी आप्पा दर पाच मिनिटांनी खड्या आवाजात सांगत होते, "मदी हाय." अक्कलकोटला चहासाठी थांबले, तिथेही आप्पा बॉनेटला धरून उभे राहिले. पुढे नागणसूरच्या अलीकडे पुन्हा पाय अवघडले, पुन्हा तळवा, पुन्हा पुटपुटणं, पुन्हा पाणी. "आज फारच जप चाललाय," दाक्षायणीबाई म्हणाल्या.

साडेनऊला गाडी दुधनीत मल्लव्वा आत्याच्या दारात उभी राहिली. आत्या उंबऱ्यावरच बसून होती. अंगणात बांधलेली बोचकी, एक ट्रंक, भिंतीवरच्या उतरवलेल्या फोटोंचे पांढरे चौकोन. तिनं डोळ्यांवर हात धरून गाडीकडे पाहिलं, आणि भाऊ उतरायच्या आतच विचारलं, "अण्णा, काटा बघितलास का?"

"वाटभर मदी हुता!" आप्पा गरजले. "इचार प्रभुला!"

आत्या हसली, हसता हसता तिनं पदर डोळ्यांना लावला, आणि मग दोघं एकमेकांचे हात धरून उंबऱ्यावरच बसली. सर डिकीतलं सामान काढायला गेले. त्यांना आनंद झाला होता आणि लाजही वाटत होती. म्हाताऱ्या माणसाला फसवून आणलं, असं त्यांच्या मनात येत होतं.

डबा आत ठेवायला ते सोप्यात शिरत होते, तेव्हा माजघरातून आप्पांचा आवाज आला. आप्पा बहिणीच्या कानाशी लागून कानडीत कुजबुजत होते. आता बहिऱ्या माणसाची कुजबुज ती, निम्मी गल्ली ऐकेल इतकी हळू.

"काटा मेलाय, मल्लव्वा. सकाळी बसलो तेव्हाच कळलं मला. गार गाडीचा काटा कधी मध्यावर असतो का? पण प्रभुला बोलू नकोस. आठवडाभर वणवण केली पोरानं. शाळेत गेला, कचेरीत गेला, काय काय लिहून दिलं म्हणे. जोतीरामनं सांगितलं मला सगळं."

"मग आलास कसा रे, अण्णा?"

"हातानं बघत आलो. पाच आकडे म्हणेपर्यंत हात टिकला, तर इंजिन ठीक. नाही टिकला तर पाणी." ते थोडं थांबले. "काट्यासाठी थांबलो असतो तर तू गेली असतीस."

सर डबा हातात घेऊन तसेच उभे राहिले. एकतीस वर्षांत पाठ फिरवल्यावर वर्गात काय बोलतात, ते त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मग त्यांनी पायानं दार जरा जोरात वाजवलं, खाकरले, आणि जणू आत्ताच आल्यासारखे आत गेले.

जेवणं झाली, भाकरीवर चटणी पडली, आत्यानं गाडीत बसून गावातून एक चक्कर मारून घेतली. पुढच्या सीटवर बसून तिनंही तबकडीकडे वाकून पाहिलं आणि कुणी विचारायच्या आत जाहीर केलं, "मधीच हाय गा!" निघताना ती उंबऱ्यावर उभी राहिली. गाडी वळणाआड जाईपर्यंत आप्पांनी मागे वळून पाहिलं नाही. वळणाआड गेल्यावर मात्र ते बराच वेळ मागेच बघत होते.

परतीच्या वाटेवर आप्पांना झोप लागली. वळसंगजवळ लिंबाच्या झाडाखाली सरांनी आपण होऊन गाडी थांबवली, आवाज न करता उतरले आणि बॉनेटवर तळवा टेकला. पत्रा चांगलाच तापलेला होता. त्यांनी कानडीत पाचपर्यंत मोजलं: वंदू, यरडू, मूरू, नाकू... ऐदू. हात टिकला, कसाबसा.

"काय रं?" खिडकीतून आवाज आला. आप्पा जागे झाले होते आणि त्यांच्या हाताकडे बघत होते.

"काही नाही, आप्पा. पाय अवघडले." सरांनी तळवा पँटला पुसला. "काटा कसा आहे?"

आप्पा पुढे वाकले, त्यांनी थोडा वेळ तबकडीकडे निरखून पाहिलं, मग मुलाच्या लाल झालेल्या तळव्याकडे पाहिलं.

"मदी हाय," ते म्हणाले. "पर थोडं पानी पाज."